सुपुर्दनाम्यावरची मशीन

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. त्या पावसाळ्यात ज्यांची घरं जळाली, हे खरं तर त्यांनी लिहायला हवं. आमचं काही जळालं नाही. आमच्या घरातला तांब्यासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. माझ्या आधी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करता येत होती, एवढंच. चार ओळी लिहिता येतात म्हणून आपण दुसऱ्याच्या गोष्टीत हात घालतोय की काय, असं अजूनही वाटतं. पण त्या गोष्टीतली एक वस्तू तीन वर्षं आमच्या घरात होती आणि ती सांभाळताना आमच्या हातून एक चूक झाली. तेवढ्यापुरतं लिहितो.

आमचं गाव झरीच्या पुढे, जिंतूर रस्त्यावरच्या फाट्यापासून आत चालत जावं लागतं असं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे झालं, ते आमच्या गावातही एका दुपारी झालं. बौद्धवाड्यातली घरं पेटवली, आणि पेटवण्याआधी आणि पेटवतानाही त्यातलं सामान उचललं. माणसं जीव घेऊन परभणीकडे गेली. त्यांच्यात एक शिलाईवाली बाई होती. नवरा नाही, मूलबाळ नाही, एक काळी हातमशीन होती आणि तिच्यावर ती अख्ख्या गावाचे झंपर, झबली, सदरे शिवायची. मी तिला पुढे मावशी म्हणायला लागलो, म्हणून इथंही मावशीच लिहितो. तेव्हा गावात तिला कुणी मावशी म्हणत नव्हतं.

मी नुकतंच परभणीच्या कॉलेजात नाव घातलं होतं आणि सगळं बंद पडल्यामुळे गावी परत आलो होतो. काही दिवसांनी फौजदार जमादाराला घेऊन आले आणि झडत्या सुरू झाल्या. आमच्या शेताला ज्याचा बांध लागून आहे, त्या शेजाऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली मावशीची मशीन निघाली. मशीन चावडीसमोर आणून ठेवली आणि पंचनामा झाला. जमादार मोठ्यानं बोलत लिहीत होते: काळी हातमशीन एक, लाकडी बैठक, डावा कोपरा जळालेला, सुई मोडलेली, चाकाला शेणमाती.

ठाण्यातली खोली गळत होती आणि वस्तू ठेवायला जागा नव्हती. फौजदारांनी विचारलं, "केस उभी राहीपर्यंत ही कोण ठेवून घेतं? सुपुर्दनामा करून देतो. कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची."

जमलेली माणसं आपापल्या पायाकडे बघायला लागली. मशीन ठेवून घेणं म्हणजे ती शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडली हे कबूल करणं. आप्पा पुढच्याच ओळीत होते आणि खाकी कपड्यातल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी सही केली. मी याला धैर्य म्हणत नाही. आप्पाही म्हणत नाहीत. "माझ्याकडं बघून इचारलं त्यांनी, मंग काय करावं?" एवढंच ते सांगतात.

मशीन आमच्या ओसरीवर आली. आमच्या गळ्यात लिंग आहे. लिंगधाऱ्याला विटाळ नसतो असं आप्पा सांगत, पण गावात राहताना गावासारखंच राहत. म्हणून मशीन आधी ओसरीवरच बारदानाखाली राहिली. पावसाचं पाणी तिथवर यायला लागलं, तेव्हा आप्पांनी ती उचलून आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीजवळ ठेवली. मायनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कणगीपुढचं तिचं जातं थोडं बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती फडकं घेऊन मशीन पुसायला बसली, तर आप्पांनी तिचा हात धरला.

"हात लावू नको. सरकारी चीज हाय ती."

"आवं, निदान चाकाचं शेन तर पुसू द्या."

"पंचनाम्यात शेन लिवलंय. उद्या सायबानं इचारलं, शेन कुठं गेलं, तर काय सांगू?"

"सांगा, बायकोनं पुसलं."

"मंग बायकोला घालतेल आत."

"बरंच हुईल," माय म्हणाली, "तितं तरी आयतं खायला मिळंल."

हसलो आम्ही. पण शेण तसंच राहिलं. मोडकी सुई तशीच राहिली. पंचनाम्यात जशी लिहिली तशीच ती कोर्टाला परत द्यायची, तिच्यात तसूभर फरक पडला तर आपण चोर, असं आप्पांनी धरलं होतं. रोज पूजा झाली की जेवणाआधी ते बारदान उचलून बघायचे आणि परत झाकायचे. सुपुर्दनाम्याची नक्कल त्यांनी विभूतीच्या डबीखाली घडी करून ठेवली होती.

मशीन आमच्याकडे आहे म्हटल्यावर बांधाच्या शेजाऱ्यानं आमची गाडीवाट नांगरून टाकली. बैलगाडी लांबून, ओढ्याकडून न्यावी लागायची. आप्पा त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. कोर्टाकडून बोलावणंही येत नव्हतं. शेजारी जामिनावर सुटला होता आणि केसला तारखा पडत होत्या. मी सुट्टीत गावी आलो की बारदान उचलायचो. पहिल्या वर्षी चाकावर नुसतं शेण होतं. दुसऱ्या वर्षी शेणाखालून तांबडा गंज दिसायला लागला. तिसऱ्या वर्षी मी दांडा फिरवून पाहिला, तर तो फिरला नाही. आप्पा मागेच उभे होते. "राहू दे," म्हणाले. त्यांचा चेहरा बघवला नाही मला.

परभणीला मी एका मठाच्या खोलीत राहत होतो. कॉलेजला जाताना कोर्टाचं आवार वाटेत लागायचं. आत जायची मात्र कधी हिंमत झाली नव्हती. आमच्याकडे कोर्टाची पायरी चढणं हे वाईटच धरतात. गंजलेला दांडा पाहून आलो, त्या आठवड्यात मात्र मी आप्पांकडची नक्कल घेऊन गेलो. दोनदा फाटकापासून परत फिरलो. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या कारकुनासमोर जाऊन उभा राहिलो. निजामाच्या काळापासून नोकरीत असलेला माणूस, बोलणं दखनी.

मी विचारलं, "साहेब, मुद्देमालाच्या मशीनला तेल घालायला कुणाची परवानगी लागते?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तेल डालने को हुकूम लगता क्या, बाबा? किसने बोला?"

"पंचनाम्यात शेणमाती लिहिली आहे, म्हणून वडिलांनी पुसली नाही."

ते हसले नाहीत. नक्कल वाचली, तारीख पाहिली आणि परत माझ्याकडे पाहिलं. "जिसकी मशीन है, वो बाई कहाँ है?"

"इथंच, परभणीत असेल."

"तो उसने अर्जी क्यों नहीं डाली? अर्जी डालती तो तब्बीच मिल जाती. केस चलती रहती, मशीन उसके पास रहती. मँगाए तो लाके दिखाना, बस." मग व्हरांड्याकडे हात केला. "वो बोर्ड पढ़ो."

व्हरांड्यात पाटी होती: गरिबांना कायद्याचा सल्ला आणि वकील मोफत. ती पाटी मी रस्त्यावरून कितीतरी वेळा पाहिली होती. मला वाटायचं, अशा पाट्या नुसत्या लावायच्या असतात.

मी पायरीवर बसलो. तीन वर्षं आम्ही अतिशय प्रामाणिकपणे एका बाईचं पोट बारदानाखाली झाकून ठेवलं होतं. तिला कळवावं, हे आप्पांना सुचलं नाही. ते शिकलेले नाहीत. मी तर कॉलेजात होतो.

मावशी रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत भावाच्या घरी सापडली. एका शिंप्याकडून सदरे आणून त्यांना हातानं काजं-बटणं करत होती. मी कोण ते सांगितलं, मशीन आमच्याकडे आहे असं सांगितलं. तिची सुई थांबली.

"मशीन हाय?"

"आहे. गंजलीय, पण आहे."

"मला ठान्यात म्हनले सरकारजमा झाली. निकाल लागला की बगू, म्हनले." तिनं दोरा दातानं तोडला. "आप्पाला तीन वर्सं मशीन सांबाळता आली, लेकरा. आन तुला इतं बसून एक निरोप देता न्हाई आला? कितीक दिवस झाले कालिजात जायलायस?"

"तिसरं वर्ष."

"मंग काय शिकवतेत तितं?"

तिनं दुसरा सदरा घेतला, एक बटण लावलं आणि म्हणाली, "चल. कुटं अंगठा करायचाय ते सांग."

पाटीवरच्या मोफत वकिलांनी अर्ज सांगितला आणि मी लिहिला. जमतील तितकी चांगली अक्षरं काढली. वकील तरुण होते, घाईत असायचे, पण त्यांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. "समोरचा म्हणणार, मशीन माझी आहे, सोनपेठच्या बाजारात विकत घेतली. बाईंकडे पावती आहे का?"

"पावती घरातच व्हती," मावशी म्हणाली. "घर जळालं की."

"मग मशीन तुमचीच, हे ओळखायची काही खूण?"

मावशीनं विचार केला. "बैठकीच्या उजव्या अंगाला सरकतं झाकन हाय. त्याच्यात माजे दोरे हायत. कुनी काडले नसतेल तर."

झाकण कुणी उघडलं असण्याची शक्यता नव्हती. आप्पांनी शेणसुद्धा पुसू दिलं नव्हतं.

तारखेला आप्पा मशीन घेऊन एसटीनं आले. कंडक्टर ती टपावर टाका म्हणत होता. आप्पांनी ऐकलं नाही, मांडीवर घेऊन बसले. "आप्पा, म्हातारपनी शिवायला निगालात का?" कंडक्टरनं विचारलं. "कोर्टात चाललो," आप्पा म्हणाले. "काहून? जज्जसायबाचा कोट उसवला?" सगळी गाडी हसली. हे मला आप्पांनीच सांगितलं, पण सांगताना ते हसले नाहीत. त्या दिवशी त्यांना शेजाऱ्याच्या समोर उभं राहायचं होतं, आणि गाडीवाट अजून नांगरलेलीच होती.

कोर्टाची खोली मी समजत होतो त्यापेक्षा खूप लहान निघाली. न्यायाधीश तरुण होते, सर्दी झालेले. शेजाऱ्याच्या वकिलानं विकत घेतल्याचं सांगितलं. आमच्या वकिलांनी झाकणाचं सांगितलं. लाकूड फुगलं होतं. शिपायानं चाकूचं टोक घालून झाकण सरकवलं. आत दोऱ्यांचं एक भेंडोळं होतं.

मावशीला लिहिता येत नव्हतं. गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा तिनं एक दोरा करून ठेवला होता. पहिल्या गाठीपर्यंत खांदा, दुसरीपर्यंत बाही, तिसरीपर्यंत छातीचा घेर. टोकाला त्याच्या कपड्यातली चिंधी बांधलेली, म्हणजे दोरा कुणाचा ते कळावं. टेबलावर ते दोरे पसरल्यावर मला आमच्या गावातल्या कितीतरी लुगड्यांचे आणि झंपरांचे रंग तिथं दिसले.

शेजाऱ्याचे वकील म्हणाले, "दोरे काय, कुणीही ठेवू शकतं."

न्यायाधीशांनी नाक पुसलं. "यातला एखादा दोरा आत्ता इथं हजर असलेल्या माणसाचा आहे का?"

मावशीनं बदामी चिंधीचा दोरा उचलला. "ह्यो आप्पाचा."

"मापून दाखवा."

मावशी जागची हलली नाही. साहेबांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. तिला ऐकू आलं होतं. ती गावात कुणाच्याही अंगावरून माप घेत नसे. माणसं जुना सदरा आणून तिच्या दारात टाकत, बायका जुना झंपर टाकत. त्यावरून ती दोऱ्याला गाठी मारायची. इतकी वर्षं तिनं आप्पांचे सदरे शिवले, पण त्यांच्या खांद्याला तिचं बोट कधी लागलं नव्हतं. हे साहेबांना माहीत नव्हतं. आमच्या गावातून आलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

आप्पांनी उपरणं काढून माझ्या हातात दिलं. मावशीकडे पाठ केली आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभे राहिले.

"घे बाई," म्हणाले. "सायबाला उशीर व्हायलाय."

तिनं दोरा त्यांच्या खांद्यावर ठेवला. पहिली गाठ बरोबर हाडाच्या टोकाला आली. मग बाही मापली. दुसरी गाठ मनगटावर आली. घेराची गाठ मात्र चार बोटं जास्त भरली. शेजाऱ्याच्या वकिलानं ते लगेच दाखवून दिलं.

"सायब," मावशी म्हणाली, "मानूस वाळतो. पर खांद्याचं हाड वाळत न्हाई. तीन वर्सामागचा दोरा हाय ह्यो."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी सांगितलं की मशीन सध्या अर्जदार बाईच्या ताब्यात द्यावी, तिच्या सुपुर्दनाम्यावर. शेवटचा निर्णय केसच्या निकालात.

मावशीनं अंगठा केला. आप्पांचा कागद रद्द झाला. बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "बाई, शेन पुसायला पायजे व्हतं. माजं चुकलं."

"तुमचं शेनाचं चुकलं," ती म्हणाली, "बाकीचं न्हाई." मग माझ्याकडे बघून, "ह्याचं मातर चुकलं." पण मशीन एका बाजूनं धरायला तिनं मलाच सांगितलं.

आठ दिवस रॉकेलमध्ये भिजवल्यावर दांडा फिरला. मावशीनं वस्तीत शिवणकाम सुरू केलं. त्या वर्षी मी बी.ए. झालो आणि परभणीतच कायद्याच्या वर्गात नाव घातलं. कायद्याची आवड होती असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त ती पायरी पुन्हा घाबरत चढायची नव्हती. मावशीकडे अधूनमधून जायचो. ती मशीन चालवता चालवता एकच विचारायची, "निकाल कदी?" तिच्या मनात एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. आता हजर करायची जबाबदारी तिच्यावर होती. शेजारी सुटला, तर मशीन त्यानं विकत घेतली हेच खरं ठरेल, आणि कोर्ट ती त्याला देईल. म्हणून ती नवं काम घेताना लांबच्या तारखा द्यायची नाही. लग्नाच्या शिवणाला नाही म्हणायची. गिऱ्हाइकानं कापड आणलं की आधी सांगायची, "मशीन कोर्टाची हाय बरं का." गावी गेलो की आप्पाही विचारायचे, पण वेगळं: "तेल घालतीया का?"

केस उभी राहिली तेव्हा मी मागे बसून ऐकत होतो. पंच आले आणि आम्हाला काही आठवत नाही म्हणाले. चावडीसमोर उभे राहून ज्यांनी मशीन पाहिली होती, त्यांनी ती कधी पाहिलीच नाही असं सांगितलं. आप्पांना बोलावलं तेव्हा त्यांनी मशीन आपल्याकडे कशी आली ते सांगितलं. गोठ्यातून निघताना तुम्ही स्वतः पाहिली का, असं विचारलं. त्यांनी पाहिली नव्हती. चावडीवर आल्यावर पाहिली होती. तसं सांगितलं. ती रात्र ते माझ्या खोलीवर राहिले आणि खोटं सांगायला हवं होतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. मला अजूनही तेच वाटतं, पण ते म्हणताना माझा आवाज फार लहान आला होता.

निकालाच्या दिवशी माझी परीक्षा होती. संध्याकाळी आवारात गेलो तर म्हातारे कारकून निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या जागेवरच्या नव्या माणसानं नक्कल काढून दिली. ती घेऊन रुळापलीकडे गेलो. मावशीला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती दारात बसली होती. मशीन तिनं कापडात बांधून, गाठ मारून शेजारी तयार ठेवली होती.

"सुटला म्हनं," ती म्हणाली.

"हो."

मी कागद उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो.

"वरचं नको वाचू," ती म्हणाली. "वरचं मला ठाव हाय. शेवटचं वाच."

मी पानं उलटली. शेवटचा परिच्छेद लहान होता. आरोपीनं मशीन विकत घेतल्याचं शाबित झालेलं नाही. ती बाईची असल्याची कोर्टाची खात्री आहे. मशीन तिच्याकडेच कायम राहावी, सुपुर्दनामा रद्द, आणि यापुढे ती कोर्टात हजर करण्याची गरज नाही.